नदीला पूर का आला? धुण्याच्या मशीनमधले लपलेले दोष आणि अनुमानाची रीत

मागच्या खेपेला आपण प्रत्यक्ष प्रमाणाबद्दल बोललो. आज अनुमान. अनुमानासाठी डोंगर, धूर आणि अग्नी हे उदाहरण ठरलेलं आहे. ते इतकं ठरलेलं आहे, की शब्द कानावर पडताच विद्यार्थ्यांचे डोळे मिटायला लागतात, हे चाळीसेक वर्षं वर्गात उभं राहून आम्ही पाहिलं आहे. म्हणून आज डोंगर बाजूला ठेवू आणि मोरीशेजारी उभं असलेलं कपडे धुण्याचं मशीन घेऊ. तत्त्वज्ञानाच्या माणसाचं त्यात काय काम, असं घरातूनच विचारून झालं आहे. काम आहे. कारण बंद डब्याच्या आत काय बिघडलं ते डोळ्यांना दिसत नाही, बाहेरच्या खुणेवरून आत शिरावं लागतं. आणि या खुणेवरून आत शिरण्यात चूक झाली तर कधी पैसे जातात, कधी जीवही जातो. जीव जाण्याचा भाग शेवटी येईल, आणि खरं सांगायचं तर त्याच्यासाठीच हा विषय निवडला आहे.

मशीनचं झाकण तुटलं, पाइप फुटला, हे दोष समोर दिसतात. त्यांना प्रमाणशास्त्र लागत नाही. लपलेला दोष म्हणजे काय? खूण एका ठिकाणी दिसते आणि कारण भलत्याच ठिकाणी असतं, हा एक प्रकार. खूणच दिसत नाही, सगळं सुरळीत चाललेलं असतं, आणि तरी आत दोष असतो, हा दुसरा. पहिला प्रकार खर्चात पाडतो. दुसरा जास्त वाईट.

आता थोडं न्यायसूत्रांकडे जाऊ. गौतमाच्या न्यायसूत्रांत अनुमान सांगितलं आहे आणि पुढे दुसऱ्या अध्यायात त्याच्यावर आक्षेपही घेतला आहे. आक्षेप मोठा मजेदार आहे. नदीला पूर आला की वर पाऊस पडला असं आपण म्हणतो. आपल्याकडे कन्हानचं पाणी गढूळ होऊन चढलं, तर नागपुरात ऊन असलं तरी वर छिंदवाड्याकडे पाऊस झाला असं लोक म्हणतातच ना? मुंग्या अंडी घेऊन निघाल्या की पाऊस येणार. मोर ओरडला की मोर जवळ आहे. पूर्वपक्षी म्हणतो, थांबा. नदीचं पाणी चढलं ते खाली कुणी बांध घातल्यामुळे नसेल कशावरून? मुंग्या निघाल्या त्या कुणी वारूळ मोडल्यामुळे नसेल कशावरून? आणि मोरासारखा आवाज माणूसही काढू शकतो. या तीन गोष्टींना तिथे नावं दिली आहेत: रोध, उपघात आणि सादृश्य. म्हणजे अडथळा, इजा आणि नक्कल. तिन्हींमुळे अनुमान फसतं, तेव्हा अनुमान हे प्रमाणच नव्हे, असा त्याचा दावा.

याचं उत्तर नैयायिकांनी काय दिलं ते आजच्या विषयाचा गाभा आहे. वात्स्यायन म्हणतो, आम्ही नुसत्या चढलेल्या पाण्यावरून पाऊस ओळखत नाही. पावसाच्या पुराला ओढ असते, फेस असतो, त्यात पानं, फळं, काटक्या वाहून येतात. बांधाने तुंबलेलं पाणी असं नसतं. तेव्हा चूक अनुमानाची नाही, अर्धवट पाहणाऱ्याची आहे. नुसती खूण पुरत नाही, खुणेचा विशेष पाहावा लागतो.

आता मशीनजवळ या. धुणं झालं आणि टबात पाणी तसंच उभं आहे. पडद्यावर काहीतरी अक्षर आणि आकडा चमकतो आहे. घरातला पहिला निष्कर्ष: पंप गेला. फोन केल्यावर तिकडून दुसरा निष्कर्ष येतो: कार्ड गेलं असेल. हा अगदी नदीच्या पुराचा प्रश्न आहे! पाणी उभं आहे, पण ते कशामुळे? खुणेचा विशेष बघा. फ्रंट लोड मशीन पाणी बाहेर टाकायला लागतं तेव्हा कान द्या. पंपाची घरघर ऐकू येते, पण पाणी जात नाही, तर पंपाला वीज मिळते आहे आणि मोटरही जिवंत आहे. म्हणजे रोध आहे. खाली समोरच्या कोपऱ्यात एक छोटं झाकण असतं, त्याच्या आत पंपाची जाळी असते. स्विच बंद करायचा, प्लग काढायचा, खाली परात ठेवायची, बारीक नळीतून आधी पाणी सोडायचं आणि मग जाळी फिरवून काढायची. पाणी गरम धुण्याचं असेल तर ते निवेपर्यंत थांबायचं. नाणी, शर्टाची बटणं, केसांच्या पिना, लहान मुलाचा एखादा मोजा, असा ऐवज निघतो. उलट घरघर अजिबात नसेल, तर वीज पंपापर्यंत पोहोचत नाही किंवा पंपाची वाइंडिंग जळली आहे. तेव्हा मेकॅनिकला बोलवायचं. एवढ्या एका कान देण्याने दोन रस्ते वेगळे झाले.

आम्ही ज्या सोसायटीत राहतो तिथे एका घरी घडलेली गोष्ट सांगतो. कंपनीचं आणि माणसांचं नाव घेण्याचं कारण नाही. जुनं टॉप लोड काढून नवं फ्रंट लोड आणलं, त्याच कोपऱ्यात, त्याच मोरीच्या जाळीवर. मशीन पाणी घेतंय, घेतंय, घेतच राहतंय. धुणं पुढे सरकत नाही. आलेल्या मेकॅनिकने इनलेट व्हॉल्व्ह बदलला. फरक नाही. मग कार्ड बदलावं लागेल असं सांगून गेला. आम्ही सगळे निवृत्त लोक, वेळ भरपूर, मशीनभोवती जमलो. दोष मशीनच्या बाहेर होता. आपल्याकडची पुष्कळ टॉप लोड मशीनं पाणी स्वतःच्या वजनाने खाली सोडतात, त्यांचा पाइप जमिनीलगत असावा लागतो, वर उचलला तर पाणी जात नाही. फ्रंट लोड पंपाने पाणी वर ढकलतं, म्हणून त्याचा पाइप ठरावीक उंचीवर अडकवायचा असतो. साधारण कमरेच्या आसपास, नेमका आकडा मशीनच्या पुस्तकात दिलेला असतो. या घरात नव्या मशीनचा पाइप मागच्या क्लिपमधून काढून जुन्या सवयीने जमिनीवर सोडला होता. आत येणारं पाणी तिकडून निघून जात होतं. मशीन बिचारं भरल्याची वाट पाहत बसलं होतं! पाइप वर बांधला, मशीन चालू लागलं. एकाच पाइपचं एकच टोक, एका मशीनला वर नेलं तर रोग आणि दुसऱ्याला वर नेलं तर औषध. म्हणून खुणेबरोबर मशीनची जातही विचारात घ्यावी लागते.

पाणी घेतच राहण्याचं कारण मशीनच्या आतलं असेल तर? त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे आणि ती आम्हाला फार आवडते, कारण ती शुद्ध अन्वय-व्यतिरेक आहे. मशीन पाणी भरत असताना भिंतीवरचा स्विच बंद करा. पाणी थांबलं, तर व्हॉल्व्ह ठीक आहे. तो विजेने उघडतो, वीज गेली की मिटतो, आणि तो मिटला. तेव्हा चूक त्याला हुकूम देणाऱ्याची, म्हणजे पातळी मोजणाऱ्या सेन्सरची, त्याच्या नळीची किंवा कार्डाची. वीज नसतानाही पाणी येतच राहिलं, तर व्हॉल्व्हमध्ये वाळूचा कण अडकला आहे किंवा त्याचं रबर गेलं आहे, कार्डाला दोष देण्याचं कारण नाही. पैसा खर्च नाही, हत्यार नाही. पातळी मोजण्याची नळी म्हणजे काय तेही सांगून ठेवू. टबाच्या तळाशी एक छोटी पोकळी असते, तिच्यातून बारीक नळी वर सेन्सरपर्यंत जाते. पाणी चढलं की नळीतली हवा दबते आणि त्या दाबावरून सेन्सर पाणी किती ते ओळखतो. पोकळीत साबणाचा गाळ बसला किंवा नळीला भेग पडली, की सेन्सर चुकीचं सांगतो. सेन्सर चांगला, कार्ड चांगलं, मधला निरोप्या बिघडलेला.

उलटा प्रकार, पाणी येतच नाही किंवा थेंबथेंब येतं. पाइप जिथे मशीनला जोडतो तिथे एक बारीक जाळी असते, ती आधी पाहायची. ती स्वच्छ असेल तर गच्चीकडे पाहायचं. पाण्याचा एक मीटर उंचीचा स्तंभ सुमारे 0.1 बार इतका दाब देतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याच्या नळापासून टाकीतलं पाणी दीड मीटरवर असेल, तर त्याला मिळणार जेमतेम 0.15 बार. खालच्या मजल्यावर तेच मशीन झकास चालतं, कारण तिथे दहा मीटर उंचीचं पाणी पाठीशी आहे. मशीन बदलून घेण्याआधी पुस्तकातला किमान दाब आणि आपली गच्ची यांचा हिशेब करावा. वरच्या मजल्यावरच्या माणसाला कंपनीशी भांडून काही मिळायचं नाही, त्याला दाब वाढवणारा छोटा पंप लागेल.

इथे त्या पडद्यावरच्या अक्षराबद्दल बोलायला हवं. लोक त्याला आप्तवाक्य समजतात. मशीननेच सांगितलं म्हटल्यावर काय राहिलं! पण मशीन काय सांगतं ते नीट वाचा. ते म्हणत नाही, पंप गेला. ते म्हणतं, ठरलेल्या वेळात पाणी खाली गेलं नाही. ते म्हणत नाही, व्हॉल्व्ह गेला. ते म्हणतं, ठरलेल्या वेळात पाणी भरलं नाही. म्हणजे ते कारण सांगत नाही, फक्त त्याच्या सेन्सरला जे जाणवलं ते सांगतं. त्याच्यावरून कारण काढणं हे अनुमान आहे, आणि ते मेकॅनिकनेही करायचं आहे, नुसतं अक्षर पाहून सुटा भाग बदलायचा नाही. चांगला मेकॅनिक लगेच ओळखू येतो: तो आधी ऐकतो, पाइप पाहतो, नळ उघडून पाहतो. नागपुरात असे पुष्कळ आहेत, सक्करदऱ्यापासून जरीपटक्यापर्यंत, आणि त्यांना प्रमाणशास्त्राचं एकही सूत्र ठाऊक नसतं. आम्हाला सूत्रं ठाऊक आहेत आणि पाना धरता येत नाही. असो.

उपघाताकडे, म्हणजे बाहेरून झालेल्या इजेकडे, जरा झपाट्याने जाऊ. बऱ्याच मशीनांचा तळ उघडा असतो. पावसाळ्यात उंदीर आत शिरतात, ऊब असते, वायरी कुरतडतात. आज स्पिन होत नाही, उद्या होतं, परवा पुन्हा नाही, अशी लहर दिसली तर कार्डावर संशय घेण्याआधी मागचं पान उघडून वायरी पाहून घ्याव्यात. तळाला जाळी लावून मिळते, ती लावावी.

दुसरी इजा पाण्याची. नळाला येणारं कन्हान-पेंचचं पाणी एक आणि बोअरचं पाणी दुसरं. आपलं शहर बसलं आहे अशा जागी, की पश्चिमेला काळा बेसाल्ट आणि पूर्वेला जुने नाईससारखे खडक. खडकातून झिरपलेल्या पाण्यात क्षार येणारच. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात कठीणपणाची इष्ट मर्यादा लिटरला 200 मिलिग्रॅम आहे आणि दुसरा पर्यायच नसेल तर 600 पर्यंत चालवून घेतात. समजा तुमच्या बोअरचं पाणी 400 चं आहे आणि एका धुण्याला 60 लिटर लागलं, तर त्या एका धुण्यातून 24 ग्रॅम क्षार मशीनमधून जातात. सगळे बसत नाहीत. पण पाणी तापलं की त्यातले काही पांढऱ्या थराने हीटरवर बसतात. थर वाढला की हीटरची उष्णता पाण्यात जात नाही, हीटर स्वतःच तापतो, त्याचं वरचं कवच तडकतं. बाहेरून काय दिसतं? काहीही नाही. धुणं जरा जास्त वेळ घेतं, एवढंच. हा तडकलेला हीटर लक्षात ठेवा, पुढे परत लागणार आहे. क्षार काढायला सायट्रिक अॅसिड टाकून रिकामं मशीन गरम पाण्यावर फिरवतात, ते ठीक आहे. मात्र त्याच्याबरोबर किंवा लगेच मागोमाग ब्लीच घालू नका. आम्ल आणि ब्लीच एकत्र आले की क्लोरीन वायू सुटतो, आणि आपल्या मोऱ्या लहान असतात.

तिसरी इजा ड्रमच्या पाठीमागे असते. फ्रंट लोडच्या स्टीलच्या ड्रमला मागून तीन हातांचा एक आधार असतो, मेकॅनिक त्याला स्पायडर म्हणतात. तो बहुधा अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचा. स्टील आणि अॅल्युमिनियम ओल्यात एकमेकांना लागून राहिले, वर साबणाचा अल्कली गाळ साचला, की अॅल्युमिनियम झिजतं. वर्षानुवर्षं. ड्रम समोरून नव्यासारखा चकचकीत! आता थोडा हिशेब करा. ड्रमचा व्यास 48 सेंटिमीटर, फेरे मिनिटाला 1200. कडेवरच्या वस्तूला तिच्या वजनाच्या साधारण 385 पट ओढ बसते. एका बाजूला अर्धा किलोचा ओला टॉवेल गोळा झाला, तर तो ड्रमला 190 किलोच्या आसपास वजनाने ओढतो, आणि ही ओढ सेकंदाला वीस वेळा दिशा बदलते. झिजलेला हात ती किती दिवस सोसणार? परीक्षा सोपी आहे. प्लग काढून दार उघडा, ड्रमची वरची कड धरून वर-खाली हलवा. ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही मिळून हलले तर ठीक, ते स्प्रिंगांवर टांगलेलेच असतात. पण टब जागेवर राहून आतला ड्रम एकटाच खडखडला, तर बेअरिंग किंवा स्पायडर गेला. मग हाताने ड्रम फिरवून ऐका, जात्यासारखी घरघर आली तर बेअरिंग. अशा मशीनवर स्पिन लावायचा नाही. थरथर मात्र दर वेळी या कारणाने नसते. मशीनचा एक पाय अधांतरी असला तरी ते नाचतं, आणि नव्या मशीनला प्रवासासाठी लावलेले मागचे बोल्ट काढायचे राहिले तर पहिल्याच दिवशी थयथयाट करतं. ते आधी पाहायचं, मग बेअरिंग.

आता सादृश्य. माणसाने काढलेला मोराचा आवाज. इथे आपण सावकाश जाऊ.

ओल्या हाताने मशीनला हात लावला की झिणझिण्या येतात, असं तुमच्यापैकी कितीजणांच्या घरी होतं? हात वर करा. ... बरेच आहेत. याच्यावर घरोघरी ठरलेली उत्तरं आहेत. ओल आली असेल. चप्पल घालून धुणं लाव. मशीनच करंट मारतं, काय करणार. आता ही खूण नेमकी कशाची आहे ते पाहा. आधुनिक मशीनमध्ये विजेतला गोंधळ गाळण्यासाठी एक फिल्टर असतो. त्यातले दोन छोटे कपॅसिटर फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून मशीनच्या पत्र्याला जोडलेले असतात. पत्रा अर्थिंगला जोडलेला असेल तर त्यांतून येणारी किंचित वीज मुकाट जमिनीत जाते आणि तुम्हाला काहीच कळत नाही. अर्थिंग नसेल तर पत्रा अधांतरी राहतो, त्याच्यावर मुख्य दाबाच्या निम्मा, म्हणजे 115 व्होल्टच्या जवळपास दाब दिसतो. त्यातून वाहू शकणारी वीज फार थोडी, एखाद्या मिलिअँपिअरच्या आतबाहेर, म्हणून नुसत्या झिणझिण्या. म्हणजे मशीन निर्दोष असतानाही झिणझिण्या येतात. त्या मशीनच्या दोषाच्या खुणा नाहीत, भिंतीच्या दोषाच्या आहेत. मशीन बदलून आणलं तरी त्या येतच राहतील.

झिणझिण्यांनी माणूस मरत नाही. मग काळजी कशाची? तो मघाचा तडकलेला हीटर आठवा. कवच तडकलं, पाणी आत गेलं, फेज थेट पाण्यात आणि पत्र्यात आली. अर्थिंग असेल तर वीज तिकडे पळते, ईएलसीबी उडतो, घरात कुरकुर होते की सारखी लाइट जाते. अर्थिंग नसेल तर काहीच उडत नाही. मशीन चालू राहतं, कपडे स्वच्छ निघतात, आणि पत्र्यावर 230 व्होल्ट बसलेले असतात, अनवाणी, ओल्या फरशीवरून येणाऱ्या हाताची वाट पाहत. घरात ईएलसीबी असेल तर तो हात लागल्यावर उडेल, तीस मिलिअँपिअरला. नसेल तर काय होईल हे सांगायला नको.

म्हणून लोक वायरमनला बोलावतात आणि म्हणतात, भाऊ, अर्थिंग पाहून द्या. इथे मोराची नक्कल सुरू होते. जुन्या घरांत, धरमपेठेतल्या बंगल्यांपासून महालातल्या वाड्यांपर्यंत, मूळ वायरिंग दोनच वायरींचं होतं. पुढे तीन भोकांचे सॉकेट बसले, पण तिसऱ्या भोकामागे वायर नाही. आता सगळं घर फोडून तिसरी वायर कोण टाकणार? मग एखादा कारागीर सॉकेटच्या मागे न्यूट्रलच्या स्क्रूपासून अर्थच्या स्क्रूपर्यंत बोटभर वायरचा तुकडा जोडतो. झिणझिण्या थांबतात. टेस्ट लॅम्पचं एक टोक फेजला, दुसरं अर्थला लावलं की दिवा लख्ख पेटतो. वायरमन म्हणतो, पाहा, अर्थिंग एकदम फर्स्ट क्लास! घरचे निर्धास्त.

खरी अर्थिंग असली तरी दिवा पेटतो, नकली असली तरी पेटतो. जो हेतू साध्य असलं तरी असतो आणि नसलं तरी असतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात. पाच हेत्वाभासांतला पहिला. आम्ही तो कितीतरी वर्षं फळ्यावर लिहून शिकवला. त्याचं उदाहरण सॉकेटमागे बोटभर वायरच्या रूपात बसलेलं असतं.

आणि हा तुकडा निरुपद्रवी नाही. कुठेतरी न्यूट्रल सैल झाली, मीटरपाशी, जंक्शनमध्ये, उन्हाने तापून, तर मशीनच्या मोटरमधून किंवा हीटरमधून फिरून आलेली फेज त्या तुकड्यावाटे सरळ पत्र्यावर येते. कुणी बोर्डात फेज आणि न्यूट्रलची अदलाबदल केली, तर पत्रा त्या क्षणापासून जिवंत. ज्या उपायाने झिणझिण्या गेल्या त्यानेच हे होतं. शिवाय ईएलसीबीही आंधळा होतो: गेलेली आणि परत आलेली वीज सारखी आहे की नाही एवढंच तो पाहतो, आणि पत्र्यावर गळलेली वीज या तुकड्यातून न्यूट्रलनेच परत येत असल्यामुळे त्याला सगळं ठीक दिसतं.

मग नक्कल ओळखायची कशी? तोच दिवा, पण खुणेचा विशेष पाहायचा. सॉकेट ईएलसीबीवर असेल तर फेज आणि अर्थमध्ये दिवा लावताच ईएलसीबी उडाला पाहिजे. अर्थिंग खरी असेल तर वीज न्यूट्रल सोडून जमिनीकडे गेली, हिशेब चुकला, तो उडणार. दिवा पेटून राहिला आणि ईएलसीबी हललाच नाही, तर वीज न्यूट्रलने परत येते आहे, म्हणजे मागे तुकडा आहे. दिवा पेटलाच नाही तर अर्थिंगच नाही. ही परीक्षा वायरमनने करायची, आपण शेजारी उभं राहून पाहायची. तरी एक फट राहते: तो तुकडा ईएलसीबीच्या अलीकडे, मीटरच्या बोर्डात जोडला असेल तर ईएलसीबी उडेल आणि आपण पुन्हा फसू. तेव्हा अर्थची वायर खड्ड्यापर्यंत जाते का ते डोळ्यांनी पाहायचं. शेवटी प्रत्यक्षाकडे यावंच लागतं. आणि ईएलसीबीवरचं 'टी'चं बटण दाबल्यावर तो उडाला, म्हणजे अर्थिंग चांगली, असं समजू नका. ते बटण ईएलसीबीची स्वतःची यंत्रणा तपासतं, अर्थिंग मुळीच नसली तरी उडतं. महिन्यातून एकदा दाबावं, पण त्यावरून अर्थिंगचं काही ठरवू नये.

एका ताईंनी चिठ्ठी पाठवली आहे: आमचं अर्थिंग खरं आहे, खड्डा आम्हीच करून घेतला, तरी उन्हाळ्यात झिणझिण्या येतात आणि पावसाळ्यात येत नाहीत, हे कसं? ताई, ओल असली तर करंट येतो ही समजूत तुमच्याकडे उलटी ठरते आहे, आणि कारण खड्ड्यातच आहे. कोरडी माती वीज नेत नाही. मे महिन्यात पंचेचाळीस अंशांत आपली काळी माती भेगाळते, खड्ड्यातली सळई मातीपासून सुटते. खड्ड्यात पाणी घालत जा, उन्हाळाभर. झाडांना घालता तसं. आणि त्यानंतरही झिणझिण्या आल्या तर खड्ड्याचा रोध मोजून घ्या.

उपाधीचा एक मुद्दा राहिला. अग्नी असला की धूर असतोच असं नाही, ओलं लाकूड लागतं. तसा दोष असला तरी खूण विशिष्ट अट पुरी झाल्यावरच दिसते. थंड पाण्याच्या धुण्याला सगळं ठीक, गरम लावलं की ईएलसीबी उडतो: अट हीटरची, दोष तिथेच शोधा. मंद फिरताना शांत, वेगात गेल्यावर आदळआपट: अट वेगाची. आणि हीटर असलेलं मशीन सहा अँपिअरच्या सॉकेटवर किंवा एक्स्टेन्शनवर चालवू नका. 2000 वॉटचा हीटर जवळपास नऊ अँपिअर ओढतो. त्याला सोळाचं सॉकेट हवं. तापणारा प्लग हाही लपलेलाच दोष, धुणं संपल्यावर स्विच बंद करून हात लावून पाहिला तरच कळणारा.

काही दोष असे, की एका घरात बसून ते कळणारच नाहीत. 2016 च्या नोव्हेंबरमध्ये अमेरिकेत सॅमसंगने सुमारे 28 लाख टॉप लोड मशीनं परत मागवली. वेगात फिरताना वरचा भाग सुटण्याचा धोका होता, माणसं जखमी झाली होती, एकाचा जबडा मोडला. 2019 च्या डिसेंबरमध्ये ब्रिटनमध्ये व्हर्लपूलने हॉटपॉइंट आणि इंडेसिट नावांची पाच लाखांहून अधिक मशीनं परत मागवली, दाराच्या कुलपाचा भाग तापून आग लागण्याचा धोका होता. दोन्हीकडे दुरुस्ती होईपर्यंत लोकांना काय सांगितलं? तिकडे मंद स्पिन वापरा, इकडे थंड पाण्याने धुवा. उपाधी काढून घ्या, बरोबर हेच. पण ज्याच्या घरी पहिल्यांदा झाकण उडालं त्याला काय वाटलं असेल? आपणच जास्त कपडे भरले. शेकडो घरांतून त्याच त्याच खुणेची नोंद झाली तेव्हा दोष मशीनच्या घडणीत आहे हे बाहेर आलं. भूयोदर्शन म्हणतात ते हेच, पुन्हा पुन्हा पाहणं, पण इथे पाहणारे डोळे वेगवेगळ्या घरांत आहेत आणि त्यांना जोडणारी एकच गोष्ट आहे: तक्रारीची नोंद.

आपल्याकडे माणूस तक्रार तोंडी करतो आणि मेकॅनिकला चहा पाजून पाठवतो. चहा जरूर पाजा. पण कागद घ्या. त्यावर खूण काय होती, काय तपासलं, काय बदललं हे लिहून घ्या, आणि बदललेला जुना भाग परत मागा. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू झाला. सदोष वस्तूने इजा झाली तर उत्पादकाची जबाबदारी त्यात वेगळी सांगितली आहे, आणि धोकादायक वस्तू बाजारातून परत मागवण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला दिला आहे. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. जिल्हा आयोगात तुम्ही राहता तिथेच तक्रार करता येते, कंपनी कुठलीही असो, आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची, उशिराला सबळ कारण असेल तर आयोग तो माफ करू शकतो. लपलेल्या दोषात कारण नेमकं केव्हा घडलं यावर वाद होतो, आणि त्या वेळी तारीख लिहिलेला कागद तुमच्या बाजूने बोलतो.

वेळ झाली आहे. पुढच्या वेळी शब्दप्रमाण. येताना आपापल्या मशीनचं पुस्तक घेऊन या, ज्यांना सापडेल त्यांनी.